शाळेतील वैद्यकीय तपासणी : दया नव्हे, हक्क!

महानगरपालिकेच्या शाळेतून मूल घरी येते आणि दप्तरातून एक चिठ्ठी काढून आईच्या हाती देते. उद्या शाळेत डॉक्टर येणार आहेत, मुलांची तपासणी होईल, लस टोचली जाईल, पालकांनी संमतीची सही करावी, एवढाच तिचा मजकूर असतो. या चिठ्ठीचे आपल्या वस्त्यांत काय होते? एका घरी बाप म्हणतो, "आपण काही भिकारी नाही. फुकटचा डॉक्टर आपल्या पोराला नको." दुसऱ्या घरी आजी म्हणते, "धाकट्याच्या अंगावर गोवर उठला आहे. घरात देवी असताना थोरल्याला सुई लावाल तर कोप होईल." तिसऱ्या घरी कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलवर आलेला निरोप वाचून दाखवतो, की या लशीने पुढे मुलेच होत नाहीत. तिन्ही घरांतून चिठ्ठी सहीवाचून परत जाते. आणि तिन्ही घरांच्या भिंतींवर भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर असते!

या तिन्ही घरांशी आज आम्हांस भांडावयाचे आहे. आणि चिठ्ठी पाठविली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांशीही आम्हांस भांडावयाचे आहे.

प्रथम भिकेचा मुद्दा घेऊ. बंधूंनो, ज्याला आपण फुकटचा डॉक्टर म्हणता तो फुकटचा नाही. सफाई कामगाराच्या, गिरणीत राबलेल्या बापाच्या, मोलकरणीच्या घामातून जमणाऱ्या करांवर त्याचा पगार निघतो. काड्याची पेटी घेणारा माणूसदेखील सरकारला कर देतो. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या वस्तूवर आपला हक्क आहे, हे आपल्याला कोणी दयाळूपणे शिकविले नाही. ते आपल्या चळवळीने झगडून मिळविले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. त्यातील पाण्याचा हक्क बजावण्यासाठी बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तो दिवस आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहे. पण त्याच ठरावात शाळा होती आणि दवाखानाही होता, याचे स्मरण किती जणांना आहे? शाळेत येणारा डॉक्टर म्हणजे त्या ठरावातील शाळा व दवाखाना ही दोन्ही एका छपराखाली आलेली आहेत. त्याला पाठ फिरविणे म्हणजे तळ्याच्या काठावर जाऊन तहानलेले परत येणे होय.

दवाखाना आपल्याला सहज मिळालेला नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी एका पत्राची हकीकत दिली आहे. ते पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले होते. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकावयास तयार होईना. रोग्याला वस्तीबाहेर आणाल तर पाहीन, अशी त्याची अट. अखेर त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याच्या हाती दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. ती बाई वाचली नाही. हा नवरा स्वतः शाळामास्तर होता, हे ध्यानात ठेवा. शिक्षण होते, पगार होता, डॉक्टरची फीही देऊ केली होती. मिळाला नाही तो डॉक्टरचा हात. आज डॉक्टर आपण होऊन आपल्या मुलाची नाडी पाहावयास शाळेत येतो आणि आपण म्हणतो, नको! त्या शिक्षकाला काय वाटले असते?

बरे, हा डॉक्टर येऊन करतो तरी काय? आपल्या देशात शाळेतील मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली, असे नमूद आहे. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब परदेशी गेले आणि ज्या शहरात १९१७ साली त्यांना राहावयास जागा मिळेना, तेच हे बडोदे! त्यानंतर १९४६ साली भोर समितीने लिहिले, की शालेय आरोग्यसेवा या देशात जवळजवळ नाहीच. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली व पुढील वर्षी तिने अहवाल दिला. अहवाल होत राहिले, मुले तशीच राहिली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, पथकात एक पुरुष व एक स्त्री डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असावी, असा नियम आहे. जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वांची व रक्ताची कमतरता, बालवयातील रोग आणि वाढीतील मागासलेपण अशा चार वर्गांतील ३० दोष त्यांनी शोधावयाचे आहेत. दोष सापडल्यास पुढील उपचार, शस्त्रक्रिया लागल्यास तीसुद्धा, विनामूल्य व्हावयाची आहे. ही सेवा जातीच्या दाखल्यावर मिळत नाही. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याने ती जाईल, अशी भीती काही नवदीक्षित कुटुंबांच्या मनात असते, ती अगदी निराधार आहे. तेथे मूल हीच पात्रता आहे.

आता आमचा मुख्य मुद्दा सांगतो. वर्गाच्या मागल्या बाकावर एक मूल बसलेले असते. प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही. फळ्यावरचे उतरवून घेत नाही. दुपारनंतर पेंगते. मास्तर त्याला 'मठ्ठ' म्हणतात. आणि ते मूल आपल्या वस्तीतले असले, तर मनात आणखी एक शब्द म्हणतात, जो आज तोंडावर म्हणण्याची सोय राहिलेली नाही. हजारो वर्षे मनुस्मृतीने जे सांगितले तेच ते सभ्य भाषेत सांगतात, की या जातीत बुद्धीच नाही. त्या मुलाच्या कानात डॉक्टर बॅटरीचा उजेड टाकतो तेव्हा दिसते, की कान वर्षभर वाहतो आहे. डोळे तपासतो तेव्हा कळते, की फळा त्याला धुरकट दिसतो. पापणी उलटून पाहतो तेव्हा ती पांढरीफटक असते. त्या मुलाला बुद्धी आहे. त्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, त्याच्या अंगात रक्त नाही! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या शंभर बालकांपैकी सुमारे ६९ बालकांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच आपल्या मुलांच्या अंगातील बळ गेलेले असते.

बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखविला. पण शिकावयाचे ते डोळ्यांनी, कानांनी आणि ताज्या रक्ताने. एका चष्म्यावाचून ज्याचे शिक्षण सुटले, त्याचे शिक्षण जातीनेच हिरावले असे आम्ही म्हणतो. फरक इतकाच, की या वेळी त्या जातीला आपण स्वतः, सही न करून, हातभार लावलेला असतो.

आता दुसऱ्या घरच्या आजीबाईंकडे वळू. आजी, आपण दीक्षा घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपणही उच्चारल्या. घरातील देव्हारा हलविला. मग गोवराच्या पुरळात ती देवी परत कशी आली? आपल्या लहानपणी ज्या रोगालाच 'देवी' म्हणत, तो रोग आज कोठे आहे? भारतात त्याचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली तो साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. कोणी नवस फेडला म्हणून तो गेला नाही. दंडावर टोचणाऱ्या माणसाने घरोघर फिरून त्याला घालविले. ज्या देवीला सुईने पळवून लावले, तिच्या कोपाचे भय सुईला कसले? २०२२ साली मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. लस न टोचलेली मुले त्यांत होती. मृत बाळ कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गौतमीला भगवंतांनी ताईत बांधला नाही की अंगारा लावला नाही. मृत्यूचे सत्य तिला तिच्याच पायांनी शोधावयास लावले. आपल्या हाती आज लस आहे. ती असताना अंगाऱ्याकडे जाणे हे धम्माच्या उलट चालणे आहे.

आणि तिसऱ्या घरचा तो सुशिक्षित तरुण? त्याने कालाम सुत्ताचे नाव ऐकले असेलच. सांगोवांगी आले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हा भगवंतांचा उपदेश मोबाइललाही लागू आहे. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांना शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस देण्यात आली, तेव्हाही अशाच अफवा उठल्या होत्या. तपासून पाहावयाचे असेल तर शाळेत जाऊन विचारा : लस कोणती, मात्रा किती, टोचल्यावर अर्धा तास डॉक्टर थांबणार की नाही? मुलाला ताप असेल, पूर्वी कशाचा त्रास झाला असेल, तर तेही सांगा. लोहाच्या गोळीने मळमळते हे खरे आहे. म्हणूनच ती उपाशीपोटी घ्यावयाची नसते. शौचास काळे होते तेही खरे. त्यात भिण्यासारखे काही नाही. प्रश्न विचारणे हा बौद्धाचा धर्म आहे. न विचारता नाकारणे ही आंधळ्या श्रद्धेचीच दुसरी बाजू आहे.

येथवर आपल्या लोकांना बोललो. आता सरकारी टेबलापलीकडे बसलेल्यांना विचारतो. एका सकाळी तीनशे मुले रांगेत उभी करून, जीभ दाखव, पुढे चल, असे म्हणणे याला तपासणी म्हणतात काय? मुलाच्या कार्डावर 'कानरोग, पुढे पाठविणे' असे इंग्रजीत खरडून त्या अशिक्षित आईच्या हाती दिले, म्हणजे उपचार झाला काय? रोजंदारी बुडवून ती इस्पितळात गेली आणि खिडकीवरून उद्या या म्हणून सांगितले, की तो विनामूल्य उपचार तिला दोन दिवसांच्या मजुरीला पडतो. १० फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ सालापासून पाळला जातो, हे चांगलेच आहे. पण शाळेत जंताची गोळी द्यावयाची आणि वस्तीत शंभर माणसांना एक तुंबलेला संडास ठेवावयाचा, ही कोणती आरोग्यनीती? जंत गोळीने मरतात आणि घाणीतून पुन्हा येतात. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने जनतेचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य ठरविले आहे. गोळी वाटल्याने त्या कर्तव्याची अर्धी पावतीच फाटते.

आणखी एक गोष्ट. २००६ साली घनश्याम शहा, सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ राज्यांतील ५६५ खेड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दर तीन खेड्यांपैकी एका खेड्यात आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्याचे नाकारीत असल्याचे तिच्यात आढळले. काठेवाडातले ते थर्मामीटर अजून हातोहात फिरते आहे! शहरात हे उघडपणे होत नसेल. पण जो हात एका मुलाच्या कपाळावर टेकतो आणि दुसऱ्याला दुरूनच पाहून पुढे ढकलतो, तो हात मुलांना बरोबर ओळखू येतो. असे घडल्यास गप्प बसू नका. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, ती तपासणीच्या टेबलावरही.

ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना गल्लीतील विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातले आहे, त्यांनाही सावध करतो. हा कार्यक्रम सरकारी व अनुदानित शाळांपुरता आहे. आपल्या शाळेत टाय आहे, पण डॉक्टर येतो काय, हे विचारा. येत नसेल तर आपणच मुलाला महापालिकेच्या दवाखान्यात न्या. १० व्या व १६ व्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस तेथे मिळते. त्या दाराने जाण्यात कमीपणा मानू नका.

मग करावयाचे काय? प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीतील कोणत्या मुलाची तपासणी झाली, कोणाला पुढे पाठविले, कोणाचा उपचार राहिला, हे रविवारच्या वंदनेनंतर तिच्यात लिहा. वाचता येणाऱ्या तरुणाने न वाचता येणाऱ्या आईबरोबर इस्पितळात जावे. एकटीला उद्या या म्हणणे सोपे असते, चौघांना अवघड जाते. शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपला माणूस बसवा आणि डॉक्टर केव्हा येणार, हे वर्षारंभीच लेखी मागा. वर्ष सरले आणि पथक आले नाही, तर अर्ज करा; अर्ज दाबला तर मोर्चा न्या.

अतिसाराने घाणीत लोळणाऱ्या, कोणी न विचारलेल्या एका भिक्षूला भगवान बुद्धांनी आनंदाबरोबर स्वतःच्या हातांनी धुतले आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने रुग्णाची सेवा करावी, असे संघाला सांगितले. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिळेवर माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचाराची व्यवस्था केल्याचे कोरून ठेविले. हा आपला वारसा आहे. मूल उद्या पुन्हा चिठ्ठी घेऊन येईल. ती वाचा, विचारावयाचे ते विचारा आणि सही करा. ती सही म्हणजे आपल्या हक्काची नोंद होय. आणि ज्याने सही केली, त्यालाच उद्या जाब विचारता येतो.

जय भीम!