पडदीच्या पोटातली वायर



मुरबाड-माळशेजकडची एसटी कल्याणहून निघाली की शहाडचा पूल ओलांडते. सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यामुळे आपल्या गावाकडची पुष्कळ माणसे या भागात राहिली, घरे करून बसली. माझी थोरली बहीण त्यांतलीच. तिचे घर उल्हास नदीच्या अंगाला आहे. थोरल्या भाच्याचे लग्न ठरले तेव्हा एका लांबट खोलीच्या दोन करायच्या म्हणून मधोमध अर्ध्या विटेची पडदी घालायचे ठरले, आणि ‘मामा, तुम्ही उभे राहा’ म्हणून मला बोलावणे आले.

वायरमन पोरगा हुशार होता. तो म्हणाला, “मामा, जमिनीलगत पाइप टाकू. वायर कमी लागेल, वरती खाचा मारायला नकोत.” हिशेब बरोबर होता. पण बहीण काही बोलली नाही, तिने फक्त कपाट जरा बाजूला सरकवले. मागच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला तपकिरी रेघ होती. २६ जुलै २००५ च्या पुराची.

त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे कल्याण, उल्हासनगर, बदलापूरपर्यंत नदीकाठ पाण्याखाली गेला. बहिणीच्या घरातले पाणी ओसरले, चिखल काढला, लाइट आली, तरी पुढे कितीतरी दिवस खालच्या बोर्डाजवळच्या भिंतीला ओला हात लागला की मुंग्या येत. फ्यूज मात्र एकदाही उडाला नाही! घरच्यांनी म्हणून ते मनावर घेतले नाही. शेवटी भिंत फोडली तेव्हा पाइपात पाणी साचलेले निघाले आणि त्या पाण्यात टेप गुंडाळलेला एक जोड बुडालेला.

फ्यूज का उडाला नाही, हे समजून घ्या, कारण घात इथेच होतो. फ्यूज पाच, दहा, पंधरा अँपिअरला वितळतो. तो वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला नव्हे. भिंतीत झिरपणारी वीज त्याच्या मानाने फारच थोडी असते, पण माणसाचे हृदय बंद पडायला एका अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो. त्यासाठी मेन स्विचजवळ आरसीसीबी नावाचे उपकरण बसवतात. गेलेली वीज तेवढीच परत आली की नाही हे ते पाहत असते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडते. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थिंग मात्र नीट हवेच. मोटरपंपाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात तुम्ही उन्हाळ्यात पाणी घालता, घराचा खड्डा मग कोरडा का ठेवता?

तर शहाडच्या पडदीत आम्ही पाइप वरून, छताच्या बाजूने आणला आणि प्रत्येक बोर्डाच्या डोक्यावर सरळ उभा खाली उतरवला. बोर्ड त्या रेघेच्या वर घेतले. अर्ध्या विटेच्या भिंतीत आडवी लांब खाच मारू नये, भिंत तिथे कमजोर होते. आणि तिरका पाइप तर कधीच नको. वायर बोर्डाच्या वर सरळ रेषेत आहे हे माहीत असले, की त्या पट्ट्यात खिळा ठोकायचा नाही एवढे पोरासोरांनाही सांगता येते. तिरकी गेली तर देवाच्या तसबिरीचा खिळा कुठे घुसेल सांगता येत नाही.

पाइप आधी, गिलावा मग, वायर सर्वांत शेवटी ओढावी. नुसती वायर गिलाव्यात गाडणारे गवंडी अजून आहेत. त्यांना थांबवा. पाइप निम्माअर्धा मोकळा राहील एवढ्याच वायरी घाला, म्हणजे उष्णता कोंडत नाही आणि पुढे एखादी बदलायची झाली तर ओढून काढता येते. पाइपाच्या आत जोड नको. जोड द्यायचा तो उघडता येणाऱ्या पेटीत. जुनी अॅल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची पिळून जोडू नका, तो जोड हळूहळू गंजतो, सैल होतो आणि तापतो.

वायरीची जाडी उपकरणावर ठरते. दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची पुरते, इस्त्री, मिक्सर, फ्रिजच्या प्लगला अडीचची, पाण्याच्या गिझरला चारची. दोन हजार वॉटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. वडिलांच्या काळी दोन बल्बसाठी टाकलेली लाकडी पट्टीवरची वायर त्याला कशी पुरेल? भार वाढत असेल तर बिलावरचा मंजूर भार बघा, आणि काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

गावाकडे सगळीच पडदी विटेची नसते. प्लायवुडची असेल तर मागच्या पोकळीत वायर मोकळी सोडू नका. भाताच्या कणग्या असलेल्या घरात उंदीर वायरीचे आवरण कुरतडणारच, आणि सुक्या लाकडाला ठिणगी पुरते. तिथे कडक पाइप हवा. कारवीच्या कुडात तर वायर घालूच नये. सारवण झाले की कूड ओलावा धरतो. वरून प्लास्टिकची झाकणपट्टी लावा, दिसायला बरी नसेल, पण डोळ्यासमोर राहते.

आणि घरात पुराचे पाणी शिरून गेले असेल तर मेन आपल्या हाताने चालू करू नका. वायरमनला मेगर लावून पाहायला सांगा. एक मेगोहमच्या खाली काटा आला तर वायर अजून ओली आहे, थांबायचे.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी भाच्याने पडदीसमोर टेप धरून मोबाइलवर चार फोटो काढले. बहिणीचा त्यावर भरवसा नाही. तिने कोणता पाइप दारापासून किती इंचांवर आहे ते मला कागदावर लिहायला लावले आणि तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून दिला. नवी सून आल्यावर पहिला खिळा कुठे ठोकायचा, ते तीच दाखवणार आहे.