दारू सोडवायला पट्टा कशाला?

राळेगणसिद्धीचा विषय निघाला की नगर जिल्ह्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "चोपलं म्हणूनच गाव सुधारलं." पिऊन आलेल्याला यादवबाबांच्या देवळापाशी खांबाला बांधायचं आणि लष्करी पट्ट्याने फोडायचं, ही काही विरोधकांनी उठवलेली आवई नाही. अण्णा हजारे यांनी ते स्वतः कबूल केलं आहे आणि आई लेकराला कडू औषध पाजते तसंच ते, असं समर्थनही केलं आहे. अण्णांच्या कामाबद्दल मला आदर आहे. हे समर्थन मात्र मला साफ अमान्य आहे.

श्रेय मुळात भलत्याच खात्यावर जमा होतंय. 1975 साली अण्णा लष्करातून गावी परतले. त्यांनी पदरचे पैसे घालून देऊळ दुरुस्त केलं, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. भट्ट्या बंद करायचं देवळातल्या बैठकीत ठरलं. नालाबांध झाले, विहिरींना पाणी चढलं, दुधाचा पैसा घरात येऊ लागला, आणि भट्टीवर पोट असणाऱ्यांना दुसरी वाट सापडली. एवढं सगळं नसतं, तर एकट्या पट्ट्याने काय उभं राहिलं असतं?

आईचा दाखलाही लागू पडत नाही. आई मारते आणि घटकाभरात जवळ घेते. इथे पोरंबाळं असलेल्या बाप्याची अब्रू साऱ्या गावासमोर काढली जायची. शिवाय रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की हात थरथरतात, घामाच्या धारा लागतात, दोन-तीन दिवसांत कधी भास होतात, कधी फिटही येते. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. त्याला खांब नको, डॉक्टर हवा.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: नवऱ्याच्या लाथा खाणाऱ्या बाईने मग कुणाकडे बघायचं? तिला संरक्षण मिळालंच पाहिजे, पोलिसांनी तिची तक्रार त्याच दिवशी घेतलीच पाहिजे. पण चारचौघांत मार खाल्लेला माणूस शेवटी तिच्याच घरी जातो. तो अपमान कुणाच्या पाठीवर उतरणार?

मारण्याशिवायही वाट आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसाला रुग्णमित्र म्हणतात. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 1986 साली हे केंद्र उभं केलं. तिथे शिस्त कडक, पण हात उगारत नाहीत. रुग्णमित्रांच्या बायकांसाठी 'सहचरी' गटही चालतो.

दया म्हणजे मऊपणा, असं समजणाऱ्यांनी पांगरमल आठवावं. फेब्रुवारी 2017 मध्ये निवडणुकीच्या पार्टीतल्या विषारी दारूने तिथे माणसं मेली. ती बनावट दारू नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये बनत होती, असं पोलीस तपासात निघालं. सगळा कठोरपणा तिथे दाखवा: बनवणाऱ्यावर, वाटणाऱ्यावर, मतांसाठी पाजणाऱ्यावर. पिणारा हा त्या साखळीतला सगळ्यात दुबळा दुवा, म्हणून पट्टा नेमका त्याच्याच पाठीवर पडतो.

राळेगणच्याच पारनेर तालुक्यात निघोजच्या बायकांनी 2016 साली मतदानाने दारूबंदीचा कौल दिला. कुणाच्या अंगावर वळ न उठवता. अशा मतदानात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारावा लागतो, म्हणजे घरोघर फिरून बायका जमवाव्या लागतात. ते पट्टा उचलण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. दारूबंदी करू पाहणाऱ्या गावांनी ग्रामसभेत त्या मतदानाची मागणी करावी, आणि उपचाराला जाणाऱ्याचं गाडीभाडं व तो परत येईपर्यंत त्याच्या घरचा किराणा, याचाही ठराव त्याच बैठकीत करावा.