मशीन आलं, पण पट्टी वाचणार कोण?

कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हटलं की आपल्याला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयच आठवतं. डॉक्टरी भाषेत मात्र सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. पहिला सीपीआर शहरात आहे. दुसरा चंदगड, आजरा, गगनबावड्यात रात्री दोन वाजता मिळतो का, हा माझा प्रश्न आहे.

कारण हिशेब सरळ आहे. हृदय बंद पडलं आणि कुणी काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. गगनबावडा इथून ५५ किलोमीटर, चंदगड तर शंभराच्या वर. पावसाळ्यात पंचगंगा रस्त्यावर आली की विषयच संपला. म्हणजे माणूस वाचायचा असेल तर जिथं आहे तिथंच वाचला पाहिजे.

मागण्या आपण काय करतो? ईसीजी मशीन द्या, मॉनिटर द्या, ॲम्ब्युलन्स द्या. द्याच. पण मॉनिटरवरची रेघ वाचणारा माणूस? सिनेमात सरळ रेघ दिसली की शॉक देतात. खऱ्यात तिथं शॉकचा उपयोग नसतो. छाती दाबत राहायची आणि दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रेनालिन द्यायचं. रेघ वेडीवाकडी थरथरत असेल तर मात्र शॉक तात्काळ पाहिजे, आणि शॉक देऊनही ती बधली नाही तर अमिओडॅरोन. नाडी चालू आहे पण ठोके भयंकर वेगात पडतायत, अशा एका प्रकारात ॲडेनोसिन देतात. ते झटक्यात टोचून मागोमाग सलाईन ढकलावं लागतं, सावकाश दिलं तर वाया जातं. हे ट्रॉलीत औषध ठेवून येत नाही, हाताला सवय लागते.

राज्याने २०१४ मध्ये १०८ सुरू केली, गाडीत डॉक्टर दिला. पुढे ‘स्टेमी’ प्रकल्पात ईसीजी ऑनलाइन तज्ज्ञांकडे पाठवायची सोय झाली. दोन्ही चांगलंच झालं. पण हार्ट अटॅकचं निदान लांबून होतं, छाती लांबून दाबता येत नाही.

काहीजण म्हणतील, आधी रिकाम्या जागा भरा, मग ट्रेनिंगचं बोला. जागा भरायलाच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण आज रात्री ड्युटीवर जी सिस्टर आहे, तिच्यासमोरच पेशंट येणार आहे. तिने डॉक्टरांना फोनवर ‘पेशंट सिरीयस आहे’ एवढंच सांगायचं, की रेघेवर नेमकं काय दिसतंय ते सांगायचं? या फरकात जीव असतो. आणि एकदा ट्रेनिंग घेऊन सर्टिफिकेट भिंतीवर लावून भागत नाही. सराव नसेल तर हे कौशल्य काही महिन्यांत गंजतं.

म्हणून मागणी साधी आहे. शासकीय मेडिकल कॉलेजने तालुक्याला जाऊन दर सहा महिन्यांनी पुतळ्यावर सराव घ्यावा. सिस्टर, वॉर्डबॉय, १०८ चे डॉक्टर आणि ड्रायव्हर, सगळे एकत्र. जिल्हा नियोजन समितीने इमारतींच्या निधीतला थोडा वाटा याला द्यावा. ग्रामीण रुग्णालयात कुणी, कधी ट्रेनिंग घेतलं याचा तक्ता दर्शनी भागात लावावा.

मित्रहो, आपापल्या तालुक्यातल्या रुग्णालयात जाऊन एवढंच विचारा: इथं शेवटचा सराव कधी झाला? मिळेल ते उत्तर खाली कमेंटमध्ये लिहा. तालुकावार यादी करून आपण ती पालकमंत्र्यांपुढं ठेवू.