"यांच्यात चालतं ना?"

परवा टीममधल्या एका मित्राबरोबर फ्लॅट बघायला गेलो होतो. तो अरुणाचलचा, पासीघाटचा, आदी जमातीतला. पुण्यात दोन वर्षं झाली तरी त्याचं मराठी "इथे थांबा, किती झाले"च्या पुढे सरकलेलं नाही, म्हणून दुभाषा मी. फ्लॅट मस्त, भाडं बजेटमध्ये, मालक काकाही गप्पिष्ट. सगळं जुळत आलं आणि काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तिकडची मुलं पितात हो फार. यांच्यात चालतं ना सगळं?"

मी पटकन म्हटलं, "नाही काका, हा तसला नाही. थेंबसुद्धा घेत नाही."

खरंच घेत नाही. फ्लॅट मिळाला. पण माझ्या डोक्यात मात्र तो "तसला" घोळत राहिला. एक तर काकांच्या शोकेसमध्ये ड्यूटी फ्रीच्या तीन बाटल्या ऐटीत उभ्या होत्या. आणि दुसरं म्हणजे दर शुक्रवारी बिअर पिणारा मी! बॅचलर म्हणून "पार्ट्या नकोत" एवढं मलाही ऐकवतात, पण "तुमच्यात पितात ना?" असं आजवर एकाही मालकाने विचारलेलं नाही. आडनाव ऐकलं की काम झालं.

इंजिनिअरची खोड, आकडे बघितल्याशिवाय चैन पडेना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) तक्ते काढले. पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे अरुणाचलात सुमारे ५३ टक्के, गोव्यात ३७, महाराष्ट्रात १४. अरुणाचलातल्या बायकांत २४ टक्के, सगळ्या देशात मात्र जेमतेम १.

म्हणजे काका बरोबर होते? थांबा. हेच आकडे उलटे वाचा. जिथे सगळ्यांत जास्त पितात म्हणतो, तिथेही शंभरातले ४७ पुरुष पीत नाहीत. बायकांतल्या ७६ पीत नाहीत. माझा मित्र म्हणजे काही चमत्कार नव्हे, तिकडचा जवळजवळ प्रत्येक दुसरा पुरुष तसाच आहे. राज्याची टक्केवारी राज्याबद्दल सांगते. समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल ती काहीच सांगत नाही.

शिवाय या आकड्यात सणाला एक पेला घेणारा आणि रोज क्वार्टर संपवणारा, दोघेही "पिणारे"च. आदी लोकांत तांदळाची आपोंग घरीच करतात, बायकाच करतात, आणि सोलुंगच्या सणाला ती हवीच. मित्राला विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडे पाहुण्याला आपोंग विचारतात, तुमच्याकडे चहा. मला दोन्ही आवडत नाही." :-)

"अहो, त्यांच्या रक्तातच असतं ते" हे वाक्य आपल्याकडच्या आदिवासींबद्दलही किती सहज बोललं जातं! मोहाची दारू पूर्वी पाड्यापाड्यावर, घरच्या घरी व्हायची. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ती बेकायदेशीर ठरली आणि मक्तेदाराच्या दुकानातून पैसे मोजून विकत घ्यायची वेळ आली. मग १९२२ मध्ये देवीची चळवळ उठली. पालघरच्या किनाऱ्याकडून ती दक्षिण गुजरातेत पसरली, हजारो आदिवासींनी दारू सोडायची शपथ घेतली आणि दारूवाल्यांवर बहिष्कार घातला. गडचिरोलीतली १९९३ ची दारूबंदीसुद्धा लोकांच्या रेट्यातूनच आली. रक्तात असतं तर हे झालं असतं का?

आणि कायद्याने तरी सगळं ठरतं का? बिहारात २०१६ पासून दारूबंदी आहे, तरी याच सर्वेक्षणात तिथले साडेपंधरा टक्के पुरुष "पितो" म्हणाले. आपल्या महाराष्ट्रापेक्षा जास्त! पण बिहारी माणूस बघून "यांच्यात चालतं ना?" असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. त्यांच्यासाठी आपण दुसरे शिक्के राखून ठेवलेत.

दारू वाईट नाही असं मला म्हणायचं नाही. घरात रोज पिणारा असला की काय होतं ते मी जवळून पाहिलंय, आणि ते घर चांगलं कोकणस्थ-देशस्थ वस्तीतलं होतं. मुद्दा एवढाच, की आपण घेतली तर "सोशल ड्रिंकिंग" आणि त्यांनी घेतली तर "यांच्यात चालतं".

आता माझंही सांगून टाकतो. हा मित्र टीममध्ये नवा होता तेव्हा पहिल्या पार्टीत मी सगळ्यांना "काय घेणार?" विचारलं आणि याच्यापुढे न विचारताच बिअर ठेवली होती. तो हसला, ग्लास बाजूला सरकवला, लिंबू सोडा मागवला.

काकांचा प्रश्न मी शेवटी त्याला सांगितला. वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "फ्लॅट मिळाला ना? मग झालं." सवय झालीय त्याला. आणि मी "हा तसला नाही" म्हणालो, म्हणजे बाकीचे "तसले" आहेत हे मान्यच करून बसलो की! "काका, हे तुम्ही मला का नाही विचारलंत?" एवढंच म्हणायला हवं होतं.

फ्लॅट गेलाही असता कदाचित. तुम्ही काय म्हणाला असतात?