पगारपत्रक कोणत्या भाषेत बोलते?

सीमाभागातील मराठी म्हटली की पाट्या, शाळा आणि शासकीय परिपत्रके यांपाशीच आपली चर्चा थांबते. ती लढाई आम्हीही लढतो. पण दरम्यान भाषेचे एक मोठे ठाणे नकळत पडले आणि त्याविषयी आम्ही चळवळीतल्या माणसांनी एक ओळही लिहिली नाही. ते ठाणे म्हणजे कारखाने आणि पतसंस्था यांचा रोजचा कारभार.

पूर्वी रोजकीर्द, खतावणी, गोदामाची वही, हजेरीपट हे सारे वेगवेगळे असे. वरची कचेरी इंग्रजीत चालली, तरी गोदामाची वही मराठीत राहू शके. ईआरपी आली आणि ही सगळी दप्तरे एकाच कोठारात गेली. मालाचे नाव एकदाच नोंदवायचे. तेच खरेदीत, साठ्यात, बिलात आणि हिशेबात आपोआप उतरते. या प्रणालीचे बळ यातच आहे आणि आमची अडचणही यातच. पहिल्या दिवशी जी भाषा आत शिरली, तीच पुढे प्रत्येक कागदावर छापली जाते. बेळगावच्या ओतकाम कारखान्यांत भट्टीपाशी मराठी आणि कन्नड बोलली जाते. पगारपत्रकावर मात्र बहुधा दोहोंपैकी एकही नसते.

याला ‘तांत्रिक अडचण’ म्हणतात. अडचण कसली? पाच अभियंत्यांनी 1972 साली जर्मनीत सुरू केलेल्या सॅपच्या प्रणालीत मालाचा क्रमांक एकच असतो, पण त्याचे वर्णन प्रत्येक भाषेत वेगळे साठवता येते. बंगळूरच्या टॅलीने आपल्या ईआरपी 9 मध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही दिल्या. मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट तर मुक्त स्रोताची. तिचे भाषांतर वापरणाऱ्यांनाच करता येते. म्हणजे यंत्रात जागा आहे. मराठी मागणारा माणूस नाही.

आणि हा दोष कर्नाटक सरकारच्या माथी मारता येणार नाही. कन्नड, मराठी, इंग्रजी एकाच क्रमांकाखाली सुखाने नांदू शकतात. तिथे कुणाला हटवून कुणाला बसवायचे नाही. मागणी करायची ती आमच्याच मराठी मालकांनी आणि संचालकांनी. काळ्या दिनाच्या फेरीत पुढे चालणाऱ्यांपैकी किती जणांच्या संस्थेतील सभासदाला खातेउतारा मराठीत मिळतो, हे त्यांनीच सांगावे.

केवळ यंत्राच्या भाषांतरावर विसंबण्यातही अर्थ नाही. त्याने ‘ऑर्डर’चा ‘आदेश’ केला, तर गोदामातला माणूस पुन्हा इंग्रजीकडेच वळेल. येणे, देणे, शिल्लक, आवक, जावक हे शब्द आपल्या वह्यांत तयार आहेत. तेच जुन्या कारकुनांना विचारून भरावेत.

इंदूर, बडोद्याच्या वाचकांचा मराठी सहकारी बँकांशी संबंध असेल, तर त्यांनीही येत्या वार्षिक सभेत हा प्रश्न लेखी मांडावा. नवी प्रणाली घेण्याचा ठराव येईल, तेव्हा करारातच भाषेचे कलम घालून घ्यावे. हजारो नावे एकदा आत गेली की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचे बिल सल्लागार वेगळे लावतो.