व्रत आणि वेठ

रोमन कॅथलिक पंथात ज्या स्त्रिया ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन संघजीवन पत्करतात त्यांना धर्मभगिनी म्हणतात. त्यांच्या कार्याची गणना करताना शाळा, रुग्णालये आणि अनाथालये यांचाच उल्लेख सहसा होतो. पण स्वयंपाक, धुणे, शिवण आणि घराची निगा हेच आपले मुख्य कार्य मानणारे संघही या परंपरेत आहेत. कॅनडातील मारी-लिओनी पारादी (१८४०–१९१२) यांनी स्थापन केलेला ‘पवित्र कुटुंबाच्या लहान भगिनी’ हा संघ त्यांपैकीच असून, महाविद्यालये आणि गुरुविद्यालये, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्था, यांतील गृहसेवा हे त्याचे ध्येय आहे. २० ऑक्टोबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पारादी यांना संतपद दिले, म्हणजेच हा जीवनमार्ग चर्चने आदरणीय ठरवला. म्हणून त्यावरील आक्षेपांची रोखठोक तपासणी होणे आवश्यक आहे.

पूर्वपक्षाचा पहिला आक्षेप असा की, ही सेवा म्हणजे पुरुषप्रधान व्यवस्थेला चढवलेला धार्मिक साज होय. पुरुषांनी वेदीजवळ उभे राहायचे आणि स्त्रियांनी चुलीजवळ, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा आक्षेप असा की, बुद्धिमान स्त्रीने भांडी घासण्यात आयुष्य घालवणे हा बुद्धीचा अपव्यय आहे. तिसरा असा की, आज्ञापालनाचे व्रत घेऊन केलेली चाकरी आणि दास्य यांत तत्त्वतः भेद उरत नाही.

पहिल्या आक्षेपातील तथ्य नाकारता येणार नाही. व्हॅटिकनच्या दैनिकाची स्त्रियांसाठीची मासिक पुरवणीने मार्च २०१८ च्या अंकात बिशप व कार्डिनल यांच्या घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या, ठरलेले वेतन वा करार नसलेल्या आणि ज्यांना वाढले त्यांच्या पंगतीला क्वचितच बसवल्या जाणाऱ्या भगिनींची व्यथा उघड मांडली होती. त्याआधी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीच भगिनींच्या संघप्रमुखांसमोर सेवा आणि चाकरी यांतील भेद स्पष्ट केला होता. मात्र या पुराव्यावरून निघणारा निष्कर्ष नीट पाहिला पाहिजे: दोष स्वयंपाकात नाही, तो करून घेणाऱ्याच्या अन्यायी वागणुकीत आहे. शेतमजुराचे शोषण होते म्हणून शेती हीन ठरत नाही, त्याचप्रमाणे स्वयंपाकिणीचे शोषण होते म्हणून स्वयंपाक हीन ठरत नाही.

दुसऱ्या आक्षेपाला पारादी यांचे चरित्रच उत्तर देते. चौदाव्या वर्षी होली क्रॉस परंपरेच्या भगिनीसंघात प्रवेश केल्यावर त्यांनी पुढे अमेरिकेतील इंडियाना राज्यात फ्रेंच भाषा व शिवणकाम शिकवले. म्हणजे दुसरे काही येत नव्हते म्हणून त्या गृहसेवेकडे वळल्या, असे म्हणता येत नाही. १८७४ मध्ये त्यांची रवानगी न्यू ब्रन्स्विक प्रांतातील मेमरॅमकूक येथे झाली. तेथे अकेडियन, म्हणजे १७५५ पासून इंग्रजांनी देशोधडीला लावलेल्या फ्रेंचभाषक समाजासाठी, फादर कामिय लफेव्र यांनी १८६४ मध्ये सेंट जोसेफ महाविद्यालय स्थापन केले होते. ज्या काळी पाणी तापवायचे तर आधी लाकडे आणावी लागत आणि प्रत्येक सदरा हाताने धुऊन, फाटला तर ठिगळ लावून पुन्हा वापरात आणावा लागे, त्या काळी अशा निवासी संस्थेचा व्याप किती मोठा असे, याची कल्पना करता येते. याच कामासाठी आलेल्या अकेडियन मुलींना पारादी यांनी लिहिण्यावाचण्याचे शिक्षणही दिले. पहिली अकेडियन राष्ट्रीय परिषद १८८१ मध्ये याच मेमरॅमकूकमध्ये भरली आणि आजच्या माँक्टन विद्यापीठाची पाळेमुळेही याच महाविद्यालयात आहेत. तेथील वर्ग चालले याचे श्रेय प्राध्यापकांना मिळते, परंतु विद्यार्थी जेवले आणि धुतलेले कपडे घालून वर्गात बसले, याचे श्रेयही इतिहासाने नोंदवले पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे उत्तर जोसेफिन बखिता यांच्या जीवनात मिळते. सुदानमधील दारफूर प्रदेशात बालपणीच पळवून नेऊन वारंवार विकल्या गेलेल्या या स्त्रीला मालकिणीने इटलीहून परत नेऊ पाहिले, तेव्हा तिने जाण्यास नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजी ती स्वतंत्र असल्याचा निर्णय झाला. त्यानंतर तिने स्वेच्छेने कनोसियन भगिनींच्या संघात प्रवेश केला आणि स्किओ गावच्या मठात स्वयंपाक, शिवण व द्वारपालाचे काम केले. जिच्या अंगावर दास्याचे वण होते, तिला दास्य आणि व्रत यांतला फरक कोणी शिकवण्याची गरज नव्हती. काम तेच असले, तरी नकार देण्याचा अधिकार हाती आल्यावर त्याचे स्वरूप पालटते.

येथे दुसऱ्या टोकाच्या मताचेही खंडन केले पाहिजे. त्यागाला मोबदला कशाला, असे म्हणून या श्रमांची केवळ स्तुती करणारे लोक भगिनींचे हितकर्ते नव्हेत, कारण दारिद्र्याचे व्रत भगिनी घेते. तिच्याकडून काम घेणाऱ्याला त्यातून फुकट राबवण्याची मुभा मिळत नाही. पूर्वी मठांतही लॅटिन प्रार्थना गाणाऱ्या भगिनी आणि अंगमेहनत करणाऱ्या भगिनी असे दोन वर्ग असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्त्रियांच्या संघांत एकच वर्ग असावा असे सुचवले, ही त्या अन्यायाची कबुलीच होती. पारादी यांनी मात्र गृहसेवा हेच संघाचे मुख्य कार्य ठरवून या उतरंडीचा पायाच काढून घेतला. स्थानिक बिशपांची मान्यता मिळेना, तेव्हा त्यांनी १८९५ मध्ये मुख्य मठ क्वेबेकमधील शेरब्रूक येथे हलवला आणि पुढच्याच वर्षी तेथील बिशपांची मान्यता मिळवली. संघाची नियमावली मान्य होऊन हाती पडली ती ३ मे १९१२ रोजी, आणि त्याच दिवशी त्यांचा देहान्त झाला. निमूटपणे राबणाऱ्या स्त्रीचे हे चरित्र नव्हे. आपल्या भगिनींच्या श्रमाला नियम, नाव आणि मान मिळावा म्हणून आयुष्यभर झटणाऱ्या स्त्रीचे आहे.

वसई आणि गोवा येथील अनेक कुटुंबांतल्या मुली भगिनी होतात, त्यामुळे हा वाद मराठी वाचकालाही परका नाही. धर्मप्रांतांनी आणि संस्थांनी भगिनींच्या गृहसेवेसाठी लेखी करार करावा, त्यांच्या संघाला रास्त मोबदला द्यावा, विश्रांती, औषधोपचार आणि शिक्षण यांची हमी द्यावी, आणि ज्या पंगतीला त्या वाढतात त्या पंगतीत त्यांचेही पान मांडावे. एवढे झाले तरच गृहसेवेला व्रत म्हणण्याचा अधिकार चर्चला उरतो. एरवी ती वेठच होय.