दुसरी पसंती शिव्यांनी मिळत नाही

पक्षांतर्गत निवडणुकीत आपल्याच माणसांवर चिखलफेक करणाऱ्या उमेदवारांची आणि त्यांना हा सल्ला पैसे घेऊन विकणाऱ्या रणनीतीकारांची मला चीड येते. ज्याला आज झोडपताय त्याचे मतदार उद्या तुम्हालाच लागणार आहेत. एवढंही ज्यांना कळत नाही, त्यांनी राजकारणातल्या अनुभवाच्या बढाया मारू नयेत.

मी न्यूयॉर्कमधला डेमोक्रॅट मतदार. महापौरपदाच्या उमेदवारीसाठी आम्ही पाच नावांपर्यंत पसंतीक्रम लावतो; बाद झालेल्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. 2021 मध्ये अँड्र्यू यांग आणि कॅथरिन गार्सिया हे दोन उमेदवार प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात एकत्र फिरले. यांग यांनी आपल्या लोकांना दुसरी पसंती गार्सियांना द्यायला सांगितली. गार्सियांनी मात्र यांगसाठी तसा शब्द टाकला नाही. त्या एरिक ॲडम्स यांच्याकडून 7,197 मतांनी हरल्या. शेवटच्या फेरीत 1 लाख 40 हजारांवर मतपत्रिकांवर या दोघांपैकी कुणाचंच नाव उरलं नव्हतं. हातचं राखून केलेली युती मतदाराला लगेच कळते.

2025 मध्ये जोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी मुदतपूर्व मतदान सुरू होण्याच्या आदल्या दिवशी उघडपणे सांगितलं: पहिली पसंती मला, दुसरी त्याला. एक मुस्लिम, दुसरा ज्यू, आणि गाझावरून शहराचं वातावरण तापलेलं. तरीही दोघं ठामपणे एकत्र उभे राहिले. ममदानी भाडं गोठवण्याबद्दल, मोफत बसबद्दल बोलत राहिले. हिंदी व्हिडिओत लस्सीचे ग्लास मांडून त्यांनी पसंतीक्रम समजावला. त्यांचे प्रतिस्पर्धी अँड्र्यू कुओमो यांच्या पाठीराख्यांनी 2 कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला आणि त्यातले कित्येक लाख ममदानींची भीती घालण्यात उडवले. अंतिम मोजणीत ममदानींना 56 टक्के, कुओमोंना 44 टक्के मतं पडली.

‘गोडगोड बोलून निवडणुका जिंकता येत नाहीत,’ असं मला ऐकवलं जातं. गोड बोला, असं मी म्हणतच नाही. कुओमोंना लैंगिक छळाच्या आरोपांमुळे गव्हर्नरपद सोडावं लागलं, हे ममदानींनी उमेदवारांच्या जाहीर वादचर्चेत तोंडावर सुनावलं, आणि ते योग्यच होतं. कारभाराचा हिशेब जरूर मागा. पण प्रतिस्पर्ध्याच्या मतदाराला शत्रू ठरवलंत, तर पक्षच फोडता आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्याच माणसाच्या दारात हात जोडून उभे राहता.

म्हणून माझी अट सरळ आहे. तुमच्यानंतर कुणाला पसंती द्यायची, ते नाव घेऊन भर सभेत सांगा. तेवढी हिंमत नसेल, तर माझं मत मागायला येऊ नका.